लिहिणाराची सोय कीं वाचणाराची?

जुन्या दप्तराचे रुमाल सोडून पाहण्याचा योग ज्यांना आला असेल त्यांना मोडी कागदाची खोड ठाऊकच असेल. कोल्हापूरच्या पुराभिलेखागारांत करवीर दरबारचे असे कागद मोठ्या संख्येनें जतन करून ठेविले आहेत. प्रथम आडव्या रेघा ओढून घ्यावयाच्या, मग लेखणी शक्य तोंवर न उचलतां त्या रेघांखालीं अक्षरांची सांखळी गुंफीत जावयाचें, दोन शब्दांमध्यें जागा सोडावयाची नाहीं, ऱ्हस्वदीर्घाची फारशी तमा बाळगावयाची नाहीं, अशी ही लिपि. लिहिणाराच्या हाताला ती फार सोयीची. परंतु त्या कारकुनानें वांचविलेली घटका आज अक्षर लावीत बसणाऱ्या अभ्यासकाला दिवस दिवस खर्चून भरून द्यावी लागते. पोथीची गोष्ट निराळी. पोथी एकानें लिहावयाची आणि पिढ्यान्‌पिढ्या अनेकांनीं वाचावयाची. म्हणून ती सुट्या, पूर्ण, बाळबोध अक्षरांत लिहिली जाई.

लेखन कोणाच्या सोयीचें असावें, लिहिणाराच्या कीं वाचणाराच्या, हा प्रश्न इतका जुना आहे. तोच प्रश्न आज एका फार मोठ्या नव्या दप्तरापुढें रोज उभा राहतो, आणि त्याच्या निकालावर आपल्या घरांतील कितीतरी यंत्रांचें बरेंवाईट अवलंबून असतें. त्या दप्तराचें नांव लिनक्स. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांचीं मुलें आज संगणकाच्या व्यवसायांत आहेत. तीं दिवसभर काय लिहितात, आणि लिहिलेलें कां परत येतें, हें घरांतील वडील माणसांनाहि कळावें एवढ्यासाठीं हा लेख आहे.

नवें दप्तर

संगणकानें काय करावयाचें हें ज्या ओळींनीं त्याला सांगितलें जातें त्यांना कोड म्हणतात. यंत्र सुरू होतांच जो कोड जागा होऊन स्मृति, वेळ, पडदा, कळफलक यांची वांटणी इतर सर्व प्रोग्रॅमांना करून देतो, तो त्या यंत्राचा गाभा. यालाच कर्नल म्हणतात. फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाचा विद्यार्थी लिनस टोर्व्हाल्ड्स यानें वयाच्या एकविसाव्या वर्षीं, म्हणजे १९९१ सालच्या ऑगस्टांत, आपण असा एक गाभा छंद म्हणून लिहीत असल्याचें जाहीर केलें. आज त्या छंदाच्या ओळी तीन कोटींच्याहि पुढें गेल्या आहेत. अँड्रॉइडचा प्रत्येक फोन त्यावर चालतो, आणि जगांतील सर्वांत बलाढ्य पांचशें महासंगणकांची यादी निघते तिच्यांतील पांचशेंच्या पांचशें यंत्रें २०१७ पासून त्यावरच चालत आहेत.

या ओळींपैकीं अर्ध्याहून अधिक ड्रायव्हरांच्या आहेत. ड्रायव्हर म्हणजे गाभा आणि एखादें उपकरण यांच्यामधला दुभाषी. गाभा म्हणतो, ‘हा मजकूर हवेंतून पाठीव’. तें त्या विशिष्ट वायफाय चिपेला कोणत्या खुणेनें सांगावयाचें हें ड्रायव्हर जाणतो. हा दुभाषी गाभ्याच्या आंत बसून काम करतो. त्यामुळें तो चुकला तर केवळ त्याचें उपकरण बिघडून भागत नाहीं. अनेकदां सगळें यंत्रच बंद पडतें.

या दप्तरांत कोणालाहि बदल सुचवितां येतो, परंतु स्वतः आंत जाऊन लिहितां येत नाहीं. कोणत्या ओळी काढावयाच्या व कोणत्या घालावयाच्या एवढें दाखविणारें एक पत्रक तयार करावें लागतें. त्याला पॅच म्हणतात. पॅच म्हणजे ठिगळ. तें ईमेलनें त्या विभागाच्या मेंटेनरकडे, म्हणजे सांभाळ करणाऱ्या जबाबदार व्यक्तीकडे, आणि त्याबरोबर इतर जाणकारांकडे जातें. ते ओळ न् ओळ वाचतात, शंका काढतात, आणि समाधान झालें तरच पॅच पुढें सरकतो. ही सर्व चर्चा उघड्यावर, जगासमक्ष चालते.

रिकाम्या जागेचा दोष

आमच्या परिचयाच्या एका घरची कन्या अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला होती. तिनें एका ड्रायव्हरांतील चूक शोधून पॅच पाठविला, आणि तो तीन वेळां परत आला. वडिलांनीं विचारलें, “काय गं, चूक खरी नव्हती का?”

“चूक खरीच होती, अण्णा. पहिल्यांदा म्हणाले, ओळ टॅबनें आंत सरकव. मीं सुट्या रिकाम्या जागा मारल्या होत्या. दुसऱ्यांदा म्हणाले, एका पॅचांत दोन कामें नकोत. आतां म्हणतात, काय केलेंस तें दिसतें आहे, कां केलेंस तें लिही.”

अण्णांनीं सारा जन्म सरकारी नोकरींत काढलेला. ते म्हणाले, “म्हणजे आमच्या कचेरींतल्यासारखेंच कीं! समास सोडला नाहीं म्हणून अर्ज परत.”

हा टोमणा ऐकतांना गोड लागतो. परंतु कचेरींतील समासाचें कारण विचारलें तर ‘पूर्वीपासून तसें आहे’ याहून अधिक उत्तर बहुधा मिळत नाहीं. लिनक्सच्या दप्तरांत कोड कसा लिहावा याविषयीं एक छोटेंसें पत्रक ठेविलेलें आहे. मूळ टोर्व्हाल्ड्स यांनीं लिहिलेलें, आणि बरेंचसें विनोदी. त्यांत नियमांबरोबर कारणेंहि दिलेलीं आहेत. तीं एकदां पाहून घेऊं.

नियम आणि त्यांचीं कारणें

पहिला नियम आंत सरकविण्याचा. कोडांत ‘असें असेल तर तसें कर’ अशीं कलमें एकाच्या पोटांत एक अशीं येतात. पोटकलमाच्या ओळी समासापासून आंत लिहावयाच्या, आणि प्रत्येक पायरीला आठ अक्षरांइतकी जागा सोडावयाची. इतकी जागा कशाला, असें कोणी विचारील. उत्तर असें कीं, वीस तास पडद्याकडे पाहून शिणलेल्या डोळ्यांनाहि कोणती ओळ कोणाच्या पोटांतली हें दिसलें पाहिजे. दुसरें असें कीं, पायरी मोठी ठेवली म्हणजे तीन पायऱ्यांच्या पुढें गेलेला लेखक आपोआप उजव्या कडेला जाऊन आदळतो. तेव्हां त्यानें समजावें कीं आपली मांडणीच फसली आहे, आणि ती नव्यानें करावी.

दुसरा नियम आटोपशीरपणाचा. कोडाचा एकेक स्वतंत्र भाग, ज्याला फंक्शन म्हणतात, तो पडद्याच्या एकदोन पानांत संपावा, आणि त्यानें एकच काम नीट करावें. एका फंक्शनांत पांच ते दहापेक्षां अधिक राशींचीं नांवें ध्यानांत ठेवावीं लागूं नयेत. माणसाचें मन एका वेळीं सुमारें सातच गोष्टी धरूं शकतें, असें त्याचें समर्थन त्या पत्रकांत केलेलें आहे.

तिसरा नियम नांवांचा. साऱ्या दप्तरांत वापरावयाचें नांव स्वच्छ व अर्थपूर्ण असावें. चार ओळींपुरतें वापरावयाचें नांव एका अक्षराचेंहि चालेल. मोडी वाचणारांना यांत नवल वाटणार नाहीं. जुन्या पत्रांत तिथीच्या आधीं नुसतें ‘छ’ लिहिलेलें असतें, आणि तेवढ्यावरून जाणकार मुसलमानी महिन्याचा चंद्र ओळखतो. सर्वांना ठाऊक असलेला संक्षेप वाचन सोपें करतो. एकट्या लिहिणाराला ठाऊक असलेला संक्षेप तें अवघड करतो. म्हणून उपकरणाला पाठवावयाचे आंकडे ड्रायव्हरांत उघडेबोडके लिहिलेले परीक्षकांना खपत नाहींत. त्या आंकड्याचा अर्थ सांगणारें नांव त्याला द्यावें लागतें. नाहींतर दहा वर्षांनीं तो आंकडा कोणीं कशाकरितां लिहिला हें सांगावयास कोणीच उरत नाहीं.

चौथा नियम आवराआवरीचा, आणि ड्रायव्हरांत तो सर्वांत महत्त्वाचा. ड्रायव्हर कामाला लागतांना प्रथम स्मृतीचा एक तुकडा मागून घेतो, मग उपकरणाची हांक ऐकण्याची सोय करून घेतो, मग उपकरणाची नोंदणी करतो. तिसरी पायरी फसली तर पहिल्या दोन गोष्टी उलट्या क्रमानें परत करावयास हव्यात: शेवटीं घेतलेली आधीं, आधीं घेतलेली शेवटीं. हें परत करणें फंक्शनाच्या शेवटीं एकाच जागीं, एकाखालीं एक लिहावें, आणि मध्येंच कोठें फसलें तर तेथून त्या जागीं योग्य पायरीवर उडी घ्यावी, अशी रीत आहे. ही उडी पाठ्यपुस्तकांत निषिद्ध मानली जाते. येथें ती मान्य आहे, कारण तिच्यामुळें घेतलेलें सर्व परत झालें कीं नाहीं हें वाचणाराला एका नजरेंत तपासतां येतें.

राहिली गोष्ट ‘एका पॅचांत एकच काम’ आणि ‘कां तें लिही’ या दोन आग्रहांची. समजा, एक हजार चोवीस बदल झाल्यावर यंत्र रुसलें. दोषी बदल कोणता? मधला घेऊन पाहावें. तेथपर्यंत यंत्र ठीक असेल तर दोष पुढच्या अर्ध्यांत, नसेल तर मागच्या अर्ध्यांत. असें अर्धें-अर्धें करीत गेल्यास अवघ्या दहा चांचण्यांत गुन्हेगार हातीं लागतो. परंतु त्या बदलांत पांच कामें एकत्र बांधलेलीं असलीं तर सापडूनहि उपयोग नाहीं. पुन्हां पांचांत शोध करावा लागतो. आणि कारण लिहिलेलें नसलें तर काढलेली ओळ परत घालावी कीं नाहीं हेंहि कळत नाहीं. काय केलें तें कोडच सांगतो. कां केलें तें मात्र लेखकाशिवाय कोणीच सांगूं शकत नाहीं.

आमच्या शिवाजी उद्यमनगरांत यंत्राच्या भागाचा नकाशा कारखान्यांत येतो, तेव्हां मापाच्या रेघा, तुटक रेघा, मध्यरेषा यांच्या खुणा ठरलेल्या असतात. नकाशा काढणारा कोठें बसला आहे हें लेथवरच्या कारागिराला ठाऊक नसतें, ठाऊक असण्याची गरजहि नसते. कोडाच्या शैलीचें प्रयोजन हेंच आहे.

एका चिन्हाची किंमत

हें सर्व पटलें तरी एखादा म्हणेल कीं, ही सोयीची गोष्ट झाली, प्राणावर बेतण्याची नव्हे. त्याला दोन उदाहरणें सांगावीं लागतील.

२००३ सालच्या नोव्हेंबरांत लिनक्सच्या एका दुय्यम नकलेंत कोणीतरी दोन ओळी गुपचूप घातल्या. वरवर पाहतां ती एक साधी तपासणी दिसत होती: ‘अमुक परिस्थिति असेल, आणि वापरणाराचा क्रमांक शून्याबरोबर असेल, तर चूक कळीव.’ सी भाषेंत तुलना करावयाची तर ‘बरोबर’चें चिन्ह दोनदां लिहावें लागतें. येथें तें एकदांच लिहिलें होतें, आणि एकदां लिहिल्यानें तुलना न होतां नवी किंमत भरली जाते. शून्य क्रमांक हा यंत्राच्या सर्वाधिकाऱ्याचा. म्हणजे ती परिस्थिति घडवून आणणारा कोणीहि मनुष्य त्या क्षणीं यंत्राचा मालक झाला असता. मूळ दप्तर व नक्कल यांचा मेळ बसेना, आणि या बदलाला कोणाच्या मंजुरीचा दाखला नव्हता, म्हणून संशय आला. मग ओळी डोळ्यांत तेल घालून वाचल्या गेल्या, आणि कावा उघडकीस आला. नियमित तपासणी व बारकाईचें वाचन यांनीं अनर्थ टळला.

दुसरें उदाहरण लिनक्सबाहेरचें. २०१४ सालच्या फेब्रुवारींत ॲपल कंपनीला आपल्या फोनांसाठीं घाईनें दुरुस्ती काढावी लागली. सुरक्षित जोडणी करतांना समोरचा खरोखर तोच आहे ना, हें पाहणाऱ्या कोडांत ‘चूक आढळली, बाहेर पड’ या अर्थाची एक ओळ चुकून दोनदां आली होती. पहिली ओळ अटीच्या पोटांत होती. दुसरीहि तितकीच आंत सरकवून लिहिल्यामुळें ती पोटांतलीच वाटे. परंतु भोंवतीं महिरपी कंस नसल्यानें ती प्रत्यक्षांत अटीबाहेर होती आणि नेहमींच अमलांत येई. परिणामीं पुढची खरी तपासणी कधीं होतच नसे, आणि तोतयालाहि खरेपणाचा दाखला मिळे. अक्षरांची मांडणी एक सांगत होती आणि यंत्र दुसरेंच समजत होतें.

यावरून मोठा वाद झाला. कित्येक म्हणाले, पोटांत एकच ओळ असली तरी कंस घालावेत. लिनक्सची रीत याच्या उलट आहे: एकाच ओळीसाठीं उगाच कंस नकोत, कारण त्यांनीं पडद्यावरील जागा खाल्ली म्हणजे एका वेळीं वाचकाला कमी दिसतें. दोन्ही पक्षांना वाचकाचीच काळजी आहे, हें लक्षांत घेण्यासारखें आहे. शेवटीं २०१६ सालीं जीसीसी या प्रसिद्ध भाषांतरक प्रोग्रॅमाच्या सहाव्या आवृत्तींत, मांडणी व अर्थ यांचा मेळ नसेल तेथें धोक्याची सूचना देण्याची सोय झाली, आणि वादाचा बराचसा भार यंत्रानें उचलला.

ओसरीवरचे पाहुणे

उपकरण बनविणाऱ्या कंपन्या पुष्कळदां आपला ड्रायव्हर आपल्या पद्धतीनें लिहून आणतात. तो चालत असतो, पण त्यांच्याशिवाय इतरांना तो वाचतां येत नाहीं. अशांसाठीं २००८ सालीं ग्रेग क्रोआ-हार्टमन यांच्या देखरेखीखालीं ‘स्टेजिंग’ नांवाचा एक स्वतंत्र कप्पा उघडण्यांत आला. आम्ही त्याला घराची ओसरी म्हणूं. पाहुण्याला दारांतून हांकलावयाचें नाहीं, पण हातपाय धुतल्यावांचून माजघरांतहि घ्यावयाचें नाहीं. तेथील ड्रायव्हराबरोबर राहिलेल्या कामांची यादी टांगलेली असते. कोणीं तीं कामें केलीं तर ड्रायव्हर आंत जातो. वर्षानुवर्षें कोणीं लक्ष दिलें नाहीं तर ओसरीवरूनहि काढला जातो.

या ओसरीचा एक अनपेक्षित लाभ झाला. झाडलोट करतां करतां नवशिके शिकूं लागले. आउटरीची या योजनेंत लिनक्सचा गाभा २०१३ सालापासून सामील झाला. त्यांतून भारतांतील पुष्कळ मुली या दप्तरांत आल्या, आणि त्यांच्यापैकीं कित्येकींची पहिली पायरी ओसरीवरच्या ड्रायव्हरांची शैली दुरुस्त करण्याची होती. अक्षर गिरवितां गिरवितां वाचावयास यावें, तसाच हा प्रकार.

मोठ्या पाहुण्यांनाहि सवलत नाहीं. एएमडी या बलाढ्य कंपनीनें आपल्या नव्या चित्रपट्टिकांसाठीं सुमारें एक लाख ओळींचा कोड पुढें केला होता. विंडोजसाठीं व लिनक्ससाठीं एकच कोड चालावा म्हणून त्यांत मध्यें एक जाड थर घातलेला होता. २०१६ सालच्या डिसेंबरांत चित्रविभागाचे मेंटेनर डेव्ह एर्ली यांनीं तो स्वीकारण्यास स्पष्ट नकार दिला. कंपनीचा युक्तिवाद सरळ होता: कोड चालतो, ग्राहक खोळंबले आहेत, आणि दोनदां लिहावयास माणसें नाहींत. एर्ली यांचें म्हणणें असें कीं, या थरामुळें बाहेरच्या माणसाला हा कोड कळणार नाहीं व बदलतां येणार नाहीं. आणि उद्यां कंपनीचीं माणसें दुसऱ्या कामाला लागलीं तर हा लाख ओळींचा बोजा ज्यांना तो वाचतां येत नाहीं त्यांच्याच गळ्यांत पडेल. कंपनीनें मग वर्षभर खपून कोड सडसडीत केला, आणि २०१८ सालच्या जानेवारींत निघालेल्या ४.१५ या आवृत्तींत तो सामील झाला. ग्राहकांना वर्षभर थांबावें लागलें, हें खरें; पण तो कोड आज साऱ्यांचा आहे.

पुण्याचा एक दाखला

महाराष्ट्राचाहि या इतिहासांत एक धागा आहे. चालत्या गाभ्याला मध्येंच थांबवून त्याच्या पोटांत काय चाललें आहे हें दुसऱ्या संगणकावरून पाहण्याचें केजीडीबी नांवाचें एक साधन आहे. तें दीर्घकाळ सांभाळणारांत पुण्याचे अमित काळे हे प्रमुख. त्यांचें नांव आजहि त्या कोडाच्या शिरोभागीं व त्याच्या माहितीपत्रकांत आढळतें. हें साधन अनेक वर्षें गाभ्याच्या बाहेर, वेगळ्या पॅचांच्या रूपानें, फिरत होतें. टोर्व्हाल्ड्स यांनीं २००० सालींच सांगून टाकलें होतें कीं, असलीं साधनें आपल्याला रुचत नाहींत. त्यांचा आग्रह असा कीं, लेखकानें कोड वाचून, विचार करून दोष शोधावा. साधन हातीं आलें म्हणजे माणूस वाचणें सोडून लक्षणांवर मलमपट्टी करूं लागतो.

हा आग्रह एका अर्थीं वाचनीयतेच्या तत्त्वाचें टोंक होतें. परंतु नवें यंत्र, अपुरी माहिती आणि दुसऱ्यानें लिहिलेला ड्रायव्हर ज्याच्या पदरीं आला आहे, त्यानें नुसत्या वाचनावर किती विसंबावें? काम करणारांना साधन हवें होतें, आणि तें त्यांनीं बाहेर जिवंत ठेविलें. पुढें जेसन वेसेल, इंगो मोलनार इत्यादिकांनीं त्याची कांटछांट करून तें आटोपशीर केलें, आणि २००८ सालच्या जुलैंत २.६.२६ या आवृत्तींतून तें गाभ्यांत आलें. ज्यानें वाचनाचाच आग्रह धरला होता त्याच्या दारांतून तें वाचनीय होऊनच आंत शिरलें, यांत आम्हांला मौज वाटते.

नियमाचा अतिरेक

आतां दुसरी बाजू. नियम वाचकासाठीं आहे हें विसरलें कीं त्याचें सोंवळें होतें.

एक ओळ ऐंशीं अक्षरांपेक्षां लांब नसावी, असा जुना दंडक. त्याचें मूळ १९२८ सालच्या आयबीएम कंपनीच्या छिद्रांकित पत्त्यांत आहे. त्यांवर ऐंशीं उभे रकाने असत, आणि पुढें आलेल्या पडद्यांनींहि तीच रुंदी उचलली. आज रुंद पडद्यांवरहि लेखक त्या मर्यादेसाठीं चांगलीं वाक्यें मोडून दोन-तीन ओळींत विखरूं लागले, आणि वाचण्यासाठीं केलेला नियम वाचनाच्याच आड येऊं लागला. अखेर मे २०२० मध्यें टोर्व्हाल्ड्स यांनींच त्याविरुद्ध आवाज उठविला, आणि शैली तपासणाऱ्या ‘चेकपॅच’ या प्रोग्रॅमाची मर्यादा शंभरावर नेण्यांत आली. ऐंशीं अजूनहि पसंत आहेत. पण त्यांपायीं अर्थाचा बळी देऊं नये, असा निवाडा झाला.

दुसरा धोका क्षुल्लकाच्या मोहाचा. पार्किन्सन या इंग्रज लेखकानें १९५७ सालीं एक मार्मिक निरीक्षण नोंदविलें: समिति अणुभट्टीचा प्रचंड खर्च अडीच मिनिटांत मंजूर करते, आणि सायकली ठेवावयाच्या छपरावर पाऊण तास वाद घालते, कारण अणुभट्टी कोणालाच कळत नाहीं, छप्पर सर्वांना कळतें. आपल्याकडील लग्नाच्या बैठकीहून हें निराळें नाहीं. देण्याघेण्याचे मोठे आंकडे खालच्या मानेनें मान्य होतात, आणि जिलबी कीं श्रीखंड यावर रात्र सरते. पॅचाचें परीक्षण करतांनाहि असेंच होतें. ड्रायव्हरांतील कुलुपांचा क्रम चुकला आहे का, हें पाहावयास तासन्‌तास लागतात. कंस कोठें आहे हें क्षणांत दिसतें. म्हणून आळशी परीक्षक कंसावर बोट ठेवतो आणि परीक्षण केल्याचें समाधान मिळवितो.

म्हणूनच त्या दप्तराच्या मार्गदर्शनांत स्पष्ट म्हटलें आहे कीं, तपासणीचा प्रोग्रॅम हा वाटाड्या आहे, माणसाच्या विवेकाची जागा त्यानें घेऊं नये. नियम मोडून कोड अधिक चांगला दिसत असेल तर तो तसाच असूं द्यावा. चालत्या जुन्या कोडाची केवळ नटवानटवी करणारे पॅच मेंटेनरांना आवडत नाहींत, कारण त्यांनीं कोणती ओळ कोणीं कां लिहिली याच्या इतिहासावर धूळ बसते.

आणि भाषेचाहि प्रश्न आहेच. शैलीच्या या वादांत पूर्वीं फार कठोर शब्द वापरले गेले. स्वतः टोर्व्हाल्ड्स त्याबद्दल प्रसिद्ध होते. १६ सप्टेंबर २०१८ रोजीं त्यांनीं आपल्या वागणुकीबद्दल जाहीर क्षमा मागितली, कांहीं आठवडे कामापासून रजा घेतली, आणि त्याच वेळीं या मंडळीनें वर्तनाची एक नियमावली स्वीकारली. कोड वाचणाराला सोपा असावा, तसाच अभिप्रायहि ऐकणाराला सोसेल असा असावा, एवढें शहाणपण येण्यास सत्तावीस वर्षें लागलीं.

पुढें काय?

डिसेंबर २०२२ मधील ६.१ या आवृत्तीपासून रस्ट या नव्या भाषेलाहि गाभ्यांत प्रवेश मिळाला आहे. त्या भाषेचा कोड एक ठरलेला प्रोग्रॅमच नीटनेटका लावून देतो. टॅब कीं रिकामी जागा, कंस वर कीं खालीं, हा वाद तेथें मुळांतच उरत नाहीं. आम्हांला हें इष्ट वाटतें. जें यंत्राला करतां येतें त्यावर माणसांनीं भांडूं नये. मात्र नांव काय द्यावें, काम किती भागांत वांटावें, आणि हें सर्व कां केलें, हे प्रश्न कोणत्याहि प्रोग्रॅमाला सोडवितां यावयाचे नाहींत. तेथें वाचणाराची कींव येणारें मनच लागतें.

आमच्या वाचकांच्या घरीं कोणाचा पॅच परत आला असेल, तर त्याला किंवा तिला आम्ही एवढेंच सांगूं. परत आलेला कागद हा अपमान समजूं नये. कोणीतरी अनोळखी मनुष्य आपल्या कामाचा वेळ खर्चून तुमच्या ओळी एकेक करून वाचतो, ही आजच्या काळांत लहान गोष्ट नाहीं. त्यानें सांगितलेला दोष वाचणाराच्या हिताचा असेल तर निमूटपणें सुधारावा. नुसता रुचीचा असेल तर नम्रपणें कारण विचारावें. आणि उद्यां परीक्षकाच्या पाटावर स्वतः बसण्याची पाळी येईल तेव्हां, आधीं कुलपें तपासावींत, मग कंस.